भिकूची खांड

गावातल्या एका जागेला माझ्या वडिलांचं नाव होतं असं सांगितलं की समोरचा माणूस आधी कौतुकानं बघतो. त्याला वाटतं, एखादा रस्ता असेल, निदान शाळेची इमारत तरी. मग मी खुलासा करतो की ती खांड आहे. खांड म्हणजे खाडीच्या बांधाला पडलेलं भगदाड. तिथून भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत गवतही धड उगवत नाही. एवढं ऐकल्यावर कौतुक ओसरतं आणि लोक विषय बदलतात.

आमचं गाव ताडखार. वडखळ सोडून अलिबागच्या रस्त्याला लागलं की खाडीच्या अंगाला जो सपाट मुलूख दिसतो, त्यातलं एक. तिथली जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. बांध आहे म्हणून गाव आहे, एवढा साधा हिशेब. माझ्या लहानपणी हा बांध घरटी वाटलेला असे. आमचा वाटा इथून तिथपर्यंत, पुढे रामचंद्रकाकांचा, त्यापुढे कृष्णाबाईच्या घराचा, असं खाडीच्या वळणापर्यंत. दोन वाट्यांच्या मध्ये एक दगड पुरलेला. आपल्या वाट्यातली खेकड्यांची बिळं बुजवायची, पावसाआधी चिखल चढवायचा, हे ज्याचं त्यानं करायचं.

तरी कुठल्या तरी उधाणाला खांड पडायचीच. मग हाळी जायची आणि घरटी माणूस बांधावर हजर व्हायचा. ज्याच्या वाट्यात पडली त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं, आणि त्या खांडीला त्याचं नाव लागायचं. पुढची खांड दुसऱ्या कुणाच्या वाट्यात पडेपर्यंत ते नाव त्या घराला चिकटलेलं असे. त्या काळात त्याची जी थट्टा चालायची ती काही विचारू नका. लग्नाच्या पंगतीत बसला की वाढप्याला कुणीतरी सांगायचं, याला पाणी वाढू नकोस, याच्या घरी पुष्कळ आहे. नाव लागायला मात्र एक अट होती. अख्ख्या गावानं उतरून बुजवलेली असेल तरच ती खांड. एकट्यादुकट्यानं लिंपलेल्या भोकाला कुणी नाव देत नसे.

आमच्या वाट्यात खांड पडली तेव्हा मी सातवीत होतो. त्याआधी कित्येक वर्षं ते नाव रामचंद्रकाकांच्या घराकडे होतं. रामचंद्रकाका म्हणजे बाबांचे लंगोटीयार. आमचा बांध फुटल्याची हाळी ऐकून गावात सगळ्यांत आधी धावत आले ते हेच, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजीबरोबर थोडा आनंदही होता असं माझी आई मरेपर्यंत सांगायची.

तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. ओहोटी लागली तशी खाजणापासून, म्हणजे बांधाबाहेरच्या दलदलीपासून, बांधापर्यंत माणसांची रांग उभी राहिली. एका टोकाला चिखल कापायचा, दुसऱ्या टोकाला बाबा आणि रामचंद्रकाका कमरेएवढ्या पाण्यात. चिखलाची ढेप हातातून हातात जात होती. हात वळायचा, ढेप घ्यायचा, पुढे द्यायचा, पुन्हा वळायचा. फक्त ढेप हातात पडल्याचा आवाज. धार फार आहे म्हणून भेंडीच्या झाडाचे ओले सोट तोडून आणले आणि खांडीच्या तोंडाशी ठोकले. घरी आई आणि शेजारणी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, चुलीवर सुकटीचं कालवण रटरटत होतं आणि मी भाकऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन बांधावर खेपा घालत होतो. मला त्या दिवशी आपल्या घरी लग्न आहे असंच वाटत होतं. भरती परत फिरायच्या आत खांड बंद झाली. रामचंद्रकाकांनी तिच्यावर तळवा थापटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासनं ही भिकूची." गाव हसलं. बाबाही हसले. फार तर काही वर्षांचा प्रश्न होता.

पण पुढे बांध सरकारकडे गेला. डागडुजी ठेकेदाराकडे गेली. तरणी माणसं ट्रेलर चालवायला गेली, कुणी बंदराकडे, कुणी पनवेलला. घरटी वाटे राहिले नाहीत, हाळी राहिली नाही, आणि बाबांचं नाव तिथं अडकून पडलं ते पडलंच. अलीकडच्या पोरांना भिकू हा माणूस आहे हेदेखील ठाऊक नाही. त्यांना वाटतं, भिकू म्हणजे एखादं भूत असावं.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. मी बेलापूरला एका कंपनीत नकाशे काढतो. हल्ली कॉम्प्युटर काढतो आणि मी त्याच्या चुका काढतो. गेल्या वर्षी आमच्याकडे काम आलं ते आमच्याच खाडीचं. पाऊस आणि उधाण एकत्र आलं तर पाणी कुठल्या शेतात किती चढेल, नवा रस्ता कुठे बुडेल, हे रंगांनी दाखवायचं. लाल म्हणजे सर्वांत धोक्याचं. लाल ठिपका जिथे पडेल तिथे बांधाला दगडी अस्तर आणि रस्त्याखाली मोठी मोरी, असं वरून ठरलेलं. उंची मोजायला ड्रोन होतं. पण बांध वरून सगळीकडे सारखाच दिसतो. तो आतून कुठे कच्चा आहे हे माणसांनाच विचारावं लागतं.

ते विचारायला पूर्वी नावाची मुलगी गेली होती. ही आमच्या ऑफिसातली इंजिनीयर, अमरावतीची, कामाला चोख. ताडखारमध्ये ती घरोघर फिरली, पाणी कुठून येतं म्हणून विचारलं, आणि सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, भिकूची खांड. इतकी एकवाक्यता तिला दुसऱ्या कुठल्याच गावात मिळाली नव्हती. तिनं तिथं मोठा लाल ठिपका दिला, शेजारी ठसठशीत अक्षरांत नाव घातलं आणि नावांचं शुद्धलेखन तपासायला कागद माझ्या टेबलावर ठेवला. "सर, हे भिकू ऱ्हस्व ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, भि ऱ्हस्व, आणि माझा बाप आहे तो. बिचारी ओशाळली.

मी कागद गुंडाळून पेणला घरी आणला. बाबा माझ्याकडेच असतात, दुसऱ्या मजल्यावर, गुडघे आणि जिना यांच्या भांडणात अडकलेले. वाटलं, म्हाताऱ्याला गंमत दाखवावी. त्यांनी भिंग घेतलं, खाडीची रेघ बोटानं धरली आणि वळणावळणानं सरकत त्या ठिपक्यापाशी आले. 

"हा छापनार?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, छापणार, महिनाअखेरीला.

"तिथनं पानी आला नाय. आमी बुजवली तवापासनं एक थेंब आला नाय."

मला राग आला. मला राग लवकर येतो, हे बायको सांगेलच. मी म्हटलं, अख्खं गाव सांगतंय तुमच्याच खांडीतून येतं म्हणून. त्यावर ते शांतपणे म्हणाले, गाव दुसरं काय सांगणार? चार-पाच वर्षांमागच्या उधाणात पाणी आलं ते रामाच्या, म्हणजे रामचंद्रकाकांच्या, वाट्यातून. पण ते बुजवलं ठेकेदाराच्या पोकलेननं. गाव उतरलं नाही, म्हणून नाव लागलं नाही. आणि गावानं नाव दिल्याशिवाय जिवंत म्हाताऱ्या माणसाच्या घरावर खांड घालायची कुणाची छाती आहे? मग कुणी परकं येऊन विचारलं की लोक जिला नाव आहे तीच दाखवतात. त्यात खोटं बोलतोय असं कुणाला वाटतही नाही.

मी कागदाकडे बघत राहिलो. म्हणजे बांधावरची सगळ्यांत पक्की जागा आम्ही लाल केली होती. दगडी अस्तर तिथे जाणार, मोरी तिथे जाणार, आणि पाणी मात्र पलीकडून रामचंद्रकाकांच्या पाड्यात शिरणार. बाबांना त्याची काळजी होतीच. पण मला त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंही दिसलं. इतकी वर्षं हे नाव उतरण्याची वाट बघत बसलेला माणूस. आता ते कायमचं शाईनं लागणार होतं, आणि तेही खोटं.

रविवारी गाडी काढली. पूर्वी म्हणाली, चूक माझी आहे, मी येते. बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. वाटेत ते सारखे मान वळवून काहीतरी शोधत होते. इथे मिठागर होतं, इथे मिठाच्या राशींवर गवत घालायचे, इथे आम्ही होडीतून उतरायचो. मिठागराच्या जागी भराव होता, भरावावर गोदाम, गोदामापुढे ट्रेलरची रांग. मी लहानपणी त्या पांढऱ्या राशी लांबून बघायचो आणि हरखून जायचो. आता बाबा सांगत होते तिकडे मी नुसती मान हलवत होतो, कारण मलाही जागा नीट सांगता येत नव्हती. याचं मला फार वाईट वाटलं.

रामचंद्रकाकांचं घर पाड्याच्या टोकाला. भिंतीवर खिडकीच्या खाली मिठाचा पांढरा पट्टा उमटलेला. त्यांनी बाबांना पाहिलं आणि दोघं एकमेकांचे दंड धरून नुसते उभे राहिले. मनुबाई, म्हणजे काकी, चहा टाकायला आत गेल्या. काकांनी पूर्वीला ओळखलं. म्हणाले, ही बाय आलती मागं, मी सांगितला सगळा हिला.

मी विषय काढला. पाणी तुमच्या वाट्यातून आलं होतं का, सरळ विचारलं. काका ताठ झाले. भिकूच्या खांडीनंतर माझ्या वाट्यात खांड कधी पडलीच नाही, जरा पाणी झिरपलं असेल, असं म्हणाले. त्यांच्या मागे खाट होती आणि खाटेच्या पायांखाली विटा होत्या, एकावर एक रचलेल्या. भाताची कणगी माळ्यावर चढवलेली. काकी चहा घेऊन आल्या, त्यांनी विटांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि कप पुढे केले. माझ्या तोंडात आलं होतं की काका, झिरपलेल्या पाण्यासाठी कुणी खाट उचलून ठेवत नाही. पण बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "रामा, चल जरा बांधावर. कवाचा बघला नाय."

दोघं पुढे, काठ्या टेकत. आम्ही मागे. काकीही डोक्यावर पदर घेऊन निघाल्या. ओहोटी होती. खाजणात तिवरांची मुळं उघडी पडली होती आणि चिखलाचा तो वास आला, जो पेणच्या फ्लॅटमध्ये मला मधूनच उगाच आठवतो.

आमच्या वाट्यात आलो आणि बाबा थांबले. खांडीच्या जागी भेंडीचं झाड होतं. त्या दिवशी ठोकलेल्या सोटांपैकी एकानं मूळ धरलं होतं. बुंधा माझ्या कवेत मावला नसता. खाली दाट गवत, बांध कातळासारखा. बाबांनी बुंध्यावर हात ठेवला. त्यांनी ते झाड इतकं मोठं झालेलं पाहिलंच नव्हतं.

दगड ओलांडून पुढे गेलो तर रामचंद्रकाकांचा वाटा. यंत्रानं ओतलेली मुरूममाती, तिला उभ्या भेगा, मध्ये प्लास्टिकच्या पोत्यांच्या चिंध्या. पायाखालची माती सुटत होती. खाडीच्या बाजूनं एक कपारच खचली होती आणि ओहोटी असूनही तिच्यातून पाणी पाझरत होतं. पूर्वीनं वाकून पाहिलं, टॅबलेटवर जागेची नोंद घेतली आणि हळूच म्हणाली, काका, नाव घालायची काही सक्ती नाही. आम्ही नुसता नंबर टाकू. नंबरवरून कुणाचं घर हे कुणाला कळणार नाही.

मला वाटलं, सुटलो. काका मात्र तिच्याकडे बघतच राहिले.

"नंबर?" ते म्हणाले. "गुराढोरांना घालतान तसा?" मग ते बाबांकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "तुझ्या खांडीला गाव आलता, भिकू. माझ्या खांडीला पोकलेन आला. मी सकालपासनं इथं उभा व्हतो. वाटला, कोन तरी येल. पोकलेनवाल्यानं मना बाजूला हो म्हनून सांगितला. माझ्याच बांधावरनं." त्यांनी नाक पुसलं. "नाव कुठनं लागनार माझा?"

 मी इतकी वर्षं समजत होतो की बाबांचं नाव तिथं लागलं ही आमच्या घरावरची नामुष्की. आणि हा माणूस त्या नावाचा हेवा करत बसला होता.

बाबांनी काठी बाजूला ठेवली. वाकता येत नव्हतं म्हणून ते आधी बांधावर बसले, मग खाजणाच्या बाजूला पाय सोडून थोडे घसरले. मी धावलो, पण त्यांनी हातानं थांबवलं. दोन्ही हात ओल्या चिखलात घालून त्यांनी एक ढेप काढली आणि माझ्याकडे धरली. मी घेतली, वळलो आणि पूर्वीपुढे केली. काही विचार केला नाही. हात आपणहून वळले. पूर्वीनं टॅबलेट गवतावर टाकला आणि ढेप घेतली. तिच्यामागे काकी उभ्या होत्या, पदर खोचून. त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली. काकांनी ती भेगेत दाबली. तोवर दुसरी आली.

खचलेली कपार आमच्यानं भरणार नव्हतीच. ते काम दगडाचंच होतं. भेगेचं तोंड तेवढं बुजलं आणि बाबांना धाप लागली. मी त्यांना वर ओढून घेतलं. ते चिखलाचे हात घेऊन काकांच्या शेजारी उभे राहिले, भेगेवर तळवा थापटला आणि म्हणाले, "आजपासनं ही रामाची."

काका हसले. हसता हसता रडायला लागले आणि चिखलाच्या हातानं डोळे पुसून आणखी मळले. काकी म्हणाल्या, नाव लागलं आता, जेवण चुकायचं नाही, आणि घराकडे चालू लागल्या. तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, घरात होता तो जवळा झाला. पूर्वीनं पाणी मागितलं तर काका म्हणाले, घे घे, आमच्याकडं पुष्कल हाय. जेवताना दोघं म्हातारे कोण कोण रांगेत होतं ते आठवत होते. एकेक नाव निघत होतं आणि पुढे, तो गेला, तोही गेला. पूर्वी निघण्याआधी परत चार घरी जाऊन आली. या वेळी तिनं नाव सांगून विचारलं, रामाची खांड कुठली? चारही घरांनी बोट बरोबर जागी दाखवलं.

नकाशा छापून आला तेव्हा मी एक प्रत घरी आणली. बाबांनी भिंग घेतलं. लाल ठिपका आता पुढच्या वाट्यावर, शेजारी 'रामाची खांड'. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. मग बोट मागं सरकलं, पुरलेल्या दगडाच्या अलीकडे, आमच्या वाट्यावर.

"इथं काय लिवलाय?"

"काही नाही बाबा. नुसता बांध. धोका नाही म्हणून कोराच ठेवलाय."

"बरा झाला," ते म्हणाले. पण बोट तिथून हललं नाही. त्या कोऱ्या रेघेवर ते पुढे-मागे फिरत राहिलं. मला वाटलं होतं, नाव उतरलं की हा माणूस सुखानं झोपेल. माझ्यापुढे तर तो हरवल्यासारखा बसला होता.

"भेंडी तरी दाखव की रे," शेवटी ते म्हणाले.

पुराच्या नकाशात झाडं दाखवत नाहीत. हे त्यांना समजावत मी बसलो नाही. त्यांच्या नातवाच्या कंपासपेटीतली हिरवी पेन्सिल आणली, कागद त्यांच्या मांडीवरच पसरला आणि बांधाच्या रेघेवर एक लहानसं झाड काढलं.

त्यांनी भिंगातून नीट बघितलं.

"मोठा काढ," म्हणाले. "आता केवढा झालाय तो."